साखळी, खुणेचे झाड आणि खरेदीखत
लिंकन घराण्याच्या जमिनींचा माग

१८४८ साली अब्राहम लिंकन अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये पहिल्यांदाच निवडून आलेले सदस्य होते. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांनी त्यांना पत्र लिहून त्यांच्या घराण्याची माहिती विचारली. लिंकन यांनी वडिलांचे नाव थॉमस आणि आजोबांचे नाव अब्राहम असल्याचे कळवले. आजोबा १७८२ च्या सुमारास व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीला गेले आणि दोन वर्षांनी इंडियनांच्या हल्ल्यात मारले गेले, असेही लिहिले. पणजोबांच्या बाबतीत मात्र ते पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियाला आले आणि क्वेकर पंथाचे होते, एवढीच पुसट ऐकीव माहिती त्यांच्याजवळ होती. पणजोबांचे नाव त्या पत्रात नाही, आणि त्यापलीकडचे तर त्यांनी काहीच ऐकलेले नव्हते.

पुढे अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तातही, न्यू इंग्लंडमधल्या लिंकन घराण्याशी आपला संबंध जोडण्याच्या प्रयत्नातून दोन्हीकडच्या काही नावांच्या सारखेपणापेक्षा जास्त काही हाती लागले नाही, असे त्यांनी नोंदवले. आज ही साखळी सात पिढ्यांची, जवळजवळ दुवा न् दुवा जुळलेली आहे, आणि ती मुख्यतः जमिनीच्या कागदांनी जुळवली आहे. या लेखात ते कागद कसे बोलतात ते पाहायचे आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो अध्यक्षांचे वडील थॉमस लिंकन यांच्या लौकिकाचा. अनेक चरित्रकारांनी त्यांना आळशी, अस्थिर, एका जागी न टिकणारा माणूस ठरवले. कागद काय म्हणतात?

एक मृत्युपत्र, एक खरेदीखत

घराण्याचा अमेरिकेतला मूळ पुरुष सॅम्युएल लिंकन. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या हिंगम गावी १६२२ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. नॉर्विच शहरातल्या फ्रान्सिस लॉज या विणकराकडे तो उमेदवारी करत होता आणि १६३७ मध्ये याच मालकाच्या कुटुंबाबरोबर जहाजाने मॅसॅच्युसेट्सला आला. पुढे तो ज्या गावात स्थिरावला त्याचे नावही हिंगमच. जुन्या गावच्या लोकांनीच ते वसवले होते. सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय लोहार होता आणि त्याने लोखंडाच्या धंद्यात चांगला जम बसवला. त्याची मॉर्डेकाय आणि अब्राहम ही दोन मुले न्यू जर्सीतल्या मॉनमथ काउंटीत गेली. धाकटा मॉर्डेकाय तिथून पेनसिल्व्हेनियात गेला, तिथे लोखंडाच्या भट्टीत भागीदार झाला आणि अखेर स्कूलकिल नदीकाठी जमीन घेऊन राहिला. १७३६ मध्ये तो तिथेच वारला.

नेमका याच ठिकाणी दुवा तुटत होता. व्हर्जिनियात जॉन लिंकन नावाचा शेतकरी होता आणि तो अध्यक्षांचा पणजोबा, इथवर ठीक; पण तो पेनसिल्व्हेनियातल्या या मॉर्डेकायचाच मुलगा कशावरून? जॉन हे नाव तर घरोघरी असे.

उत्तर दोन कागदांनी मिळून दिले. मॉर्डेकायने मृत्युपत्रात थोरला मुलगा जॉन याला न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन दिली होती. बाप पेनसिल्व्हेनियात, जमीन न्यू जर्सीत. ती विकली गेली असेल तर दस्त बापाच्या गावी नव्हे, जमिनीच्या गावी नोंदलेला असणार. आणि तो तसा मिळालाच. १७४८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर काउंटीतल्या जॉन लिंकनने मॉर्डेकायचा मुलगा आणि वारस या नात्याने तीच ३०० एकर जमीन विकली होती. सॅम्युएल शॅकफर्ड या संशोधकाने १८८७ मध्ये हा पुरावा प्रसिद्ध केला, तेव्हा अध्यक्षांच्या मृत्यूला बावीस वर्षे झाली होती.

वंशावळ शोधणाऱ्याने यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणसे नावे बदलतात, गाव बदलतात. जमीन जागची हलत नाही. तेव्हा माणसाचा पत्ता लागेना की जमिनीचा पाठलाग करावा. ती कोणाकडून आली आणि कोणाकडे गेली हे पाहिले की मधला माणूस आपोआप उभा राहतो. आपल्याकडे सातबाऱ्यावरून फेरफार आणि फेरफारावरून वारसनोंद काढणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

काउंटीची हद्द आणि दप्तराची जागा

यात एक मोठी अडचण असते. जमीन हलत नाही, पण तिच्यावरची काउंटी बदलते. वस्ती वाढली की जुन्या काउंटीतून नवी काढत. मॉर्डेकायचे घर आज पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत आहे. पण ती काउंटी निर्माण झाली १७५२ मध्ये. १७३६ च्या मृत्युपत्रासाठी बर्क्सचे दप्तर चाळण्यात अर्थ नाही, त्या काळी तो भाग फिलाडेल्फिया काउंटीत होता. जॉन लिंकनने १७६८ मध्ये व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीक या ओढ्याकाठी ६०० एकर जमीन घेतली, तो दस्त ऑगस्टा काउंटीचा. त्याच जमिनीचे १७७८ नंतरचे दस्त रॉकिंगहॅम काउंटीचे.

रॉकिंगहॅमच्या दप्तराची कथा तर चटका लावणारी आहे. यादवी युद्धात, १८६४ मध्ये, तिथली दप्तरे सुरक्षित जागी नेण्यासाठी गाडीत भरली होती. ती वाटेत उत्तरेच्या फौजेच्या हाती लागली आणि पेटवली गेली. काही पुस्तके अर्धवट जळालेल्या अवस्थेत वाचली. त्या फौजेचे सरसेनापती होते अध्यक्ष अब्राहम लिंकन. त्यांच्या पणजोबांच्या आणि आजोबांच्या काउंटीचे कागद त्यांच्याच सैन्याने जाळले.

१७६८ ही तारीख आणखी एका कामाची आहे. आपले आजोबा रॉकिंगहॅममध्ये जन्मले असे लिंकन यांनी १८६० मध्ये लिहिले. पण आजोबा अब्राहम यांचा जन्म १७४४ चा. कुटुंब व्हर्जिनियात आले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. म्हणजे जन्म पेनसिल्व्हेनियातलाच. घरातली आठवण एका मुक्कामाने चुकली होती, ती खरेदीखताने दुरुस्त केली.

आजोबांचा हिशेब

१८ फेब्रुवारी १७८० रोजी आजोबा अब्राहम यांनी लिनव्हिल क्रीकची २५० एकर जमीन ५,००० पौंडांना विकली. दस्तात पत्नीचे नाव बर्शीबा असे आले आहे. हे नाव येण्याचे कारण कायदा आहे: पतीच्या जमिनीच्या एक-तृतीयांश भागावर विधवेला हयातीपुरता हक्क असे, म्हणून विक्रीच्या वेळी तो हक्क सोडल्याची तिची वेगळी संमती घ्यावी लागे. त्या काळातल्या कितीतरी बायकांची नावे इतिहासात उरली ती केवळ या एका तरतुदीमुळे.

विक्रीनंतर पंधरा दिवसांतच, ४ मार्च रोजी, अब्राहम यांच्या नावाने केंटकीतल्या जमिनीसाठी सरकारी हक्कपत्र निघाले: ४०० एकर, किंमत १६० पौंड. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता आणि १७७९ च्या कायद्याने तिथल्या पडीक जमिनीचा भाव शंभर एकरांना ४० पौंड ठरवला होता. आता हिशेब करा. लिनव्हिल क्रीकवर एकराला २० पौंड मिळाले, केंटकीत एकराला पौंडाच्या अर्ध्याहूनही कमी. २५० एकरांच्या पैशात १२,५०० एकरांची हक्कपत्रे येत होती. शिवाय युद्धकाळातल्या या कागदी पौंडाची किंमत दिवसेंदिवस घसरत होती. पैसे हातात ठेवण्यात शहाणपण नव्हते. पाच लहान मुले असलेला, स्थिरस्थावर झालेला शेतकरी डोंगरापलीकडच्या धोक्याच्या मुलखात का गेला, याचे उत्तर या दोन तारखांत आणि दोन भावांत आहे.

पण हक्कपत्र म्हणजे जमीन नव्हे. केंटकीत जमीन मिळण्याच्या चार पायऱ्या होत्या. पहिली हक्कपत्र, त्यावर एकर असत, जागा नसे. दुसरी दावा, आपल्याला हवी ती जागा मोजणी कचेरीच्या पुस्तकात वर्णन करून नोंदवायची. तिसरी मोजणी. चौथी राज्यपालाच्या सहीची सनद. सरकारने आधी मुलूख मोजून गट पाडलेले नव्हते. प्रत्येकाने आपापली जागा निवडायची, कुठल्या तरी ओढ्याच्या संगमापासून, ओक किंवा बीचच्या झाडापासून सुरुवात करून चतुःसीमा सांगायची. झाड पडले, ओढ्याने पात्र बदलले की सीमा गेली. एकाच जागेवर दोन-दोन, तीन-तीन दावे बसत. छपरावरची कौले जशी एकमेकांवर चढलेली असतात तसे.

आजोबांच्या लाँग रन ओढ्यावरच्या ४०० एकरांची मोजणी ७ मे १७८५ रोजी झाली. त्या मोजणीच्या कागदावर आडनाव ‘लिंकहॉर्न’ असे पडले आहे. मोजणीदाराने कानाला ऐकू आले तसे लिहिले. लिंकन या एकाच नावाने शोधणाऱ्याला हा कागद सापडणारच नाही. साखळी धरणारे म्हणून हनानिया आणि जोसाया लिंकन, आणि झाडांवर खुणा पाडणारा म्हणून खुद्द अब्राहम, अशी नावे त्यावर आहेत. आजोबांचा मधला मुलगा जोसाया तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता.

या साखळीशी आपलीही ओळख आहे. गुंटरची साखळी ६६ फुटांची. मुंबई इलाख्याच्या मोजणीत इंग्रजांनी तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट: आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. इंदापूर तालुक्यात १८३६ पासून जी पद्धतशीर मोजणी झाली तिचे माप आणि केंटकीच्या रानातले माप एकाच घरातले.

मोजणीचा हा कागद आणखी एक काम करतो. नातवाने पत्रात दिलेल्या हिशेबाने आजोबा १७८४ मध्ये मारले गेले. पण मे १७८५ मध्ये ते झाडांवर खुणा पाडत होते.

काही महिन्यांचा फरक

आजोबा मारले गेले ते १७८६ च्या मे महिन्यात, लाँग रनच्या शेतावर काम करताना. धाकटा मुलगा थॉमस आठ वर्षांचा होता आणि बापाजवळच होता. थोरल्या मॉर्डेकायने घरातून बंदूक चालवून त्याला वाचवले, असे घरात सांगत.

आता तारीख पाहा. इंग्रजी कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई. थॉमस जेफरसनच्या प्रयत्नांतून व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १७८५ मध्ये हा ज्येष्ठाधिकार रद्द केला आणि सगळ्या मुलांना समान वाटा दिला. पण नवा कायदा अमलात आला १ जानेवारी १७८७ पासून. आजोबांचा मृत्यू त्याआधी सात-आठ महिने झाला. म्हणून जमीन सगळी मॉर्डेकायची झाली. जोसाया आणि थॉमस यांना एक एकरही आली नाही. थॉमस मोलमजुरी करत, सुतारकाम शिकत वाढला. हा त्याचा स्वभाव नव्हता, कायद्याच्या अंमलाची तारीख होती.

थॉमसची तीन शेते

१८०३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, थॉमसने हार्डिन काउंटीत मिल क्रीकवर २३८ एकर जमीन ११८ पौंड रोख देऊन घेतली. वारसा नसलेल्या तरुणाने साठवलेली ही रक्कम आहे, आळशी माणसाची नव्हे. १८१४ मध्ये त्याने ती विकली तेव्हा मोजणीत ती २०० एकर भरली आणि १०० पौंड आले. अडतीस एकर चुकीच्या मोजणीत गेले होते.

१८०८ च्या डिसेंबरात त्याने नोलिन क्रीकजवळचे सिंकिंग स्प्रिंग शेत २०० डॉलर रोख देऊन घेतले. दोन महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १८०९ रोजी, तिथे मुलगा जन्मला. त्याला आजोबांचे नाव ठेवले. या जमिनीवर आधीच्या एका विक्रीतली बाकी राहून गेली होती, आपल्या भाषेत बोजा होता. १८१३ मध्ये मूळ मालकाने दावा लावला आणि शेत गेले.

मधल्या काळात कुटुंब नॉब क्रीकवर राहायला गेले होते. तिथे दूर फिलाडेल्फियातल्या वारसांनी दहा हजार एकरांच्या जुन्या सनदेच्या आधारे, त्या जागेवर राहणाऱ्या शेतकऱ्यांना हुसकावण्यासाठी फिर्याद केली. त्यात थॉमसचेही नाव होते. तीन शेते आणि तीन वेगवेगळी कारणे: मोजणीची चूक, जुना बोजा, चढलेली सनद. तिन्ही व्यवहारांत थॉमसने पैसे दिले होते किंवा कसून खाल्ले होते. दोष कागदात होता.

१८१६ च्या डिसेंबरात थॉमस ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेला. वडिलांनी केंटकी सोडले ते काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या मालकीच्या भानगडींमुळे, असे लिंकन यांनी १८६० मध्ये लिहिले आहे. या वेळी घरातली आठवण आणि दप्तर यांचा मेळ पूर्ण बसतो.

इंडियानात काय वेगळे होते? १७८५ च्या कायद्याने ओहायोच्या उत्तरेचा मुलूख विक्रीपूर्वीच मोजून चौकोन पाडायचे ठरले होते. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी थॉमसने व्हिन्सेन्सच्या सरकारी जमीन कचेरीत अशा एका भागाचा चौथा हिस्सा, १६० एकर, आपल्या नावे लावला. भाव एकराला दोन डॉलर, एकूण ३२० डॉलर. त्या दिवशी १६ डॉलर भरले, डिसेंबरात ६४ भरून पहिला हप्ता पुरा केला. पुढचे हप्ते जड गेले, तेव्हा काँग्रेसने अडचणीतल्या खरेदीदारांना दिलेल्या सवलतीचा फायदा घेऊन त्याने अर्धी जमीन परत केली आणि १८२७ मध्ये उरलेल्या ८० एकरांची सनद मिळवली. या जमिनीच्या वर्णनात झाड नाही, ओढा नाही. फक्त आकडे आणि दिशा. तिच्यावर कोणीही दावा लावला नाही. तिथे तो चौदा वर्षे राहिला.

लग्नाची नोंद

जमिनीच्या शोधाला एक फळ अनपेक्षित आले. लिंकन यांच्या आईवडिलांचे लग्न रीतसर झालेच नव्हते, अशी कुजबुज बरीच वर्षे चालू होती, कारण हार्डिन काउंटीत शोधूनही नोंद मिळत नव्हती. नोंद होती वॉशिंग्टन काउंटीत. लग्नाचा जामीनखत नवरीच्या काउंटीत करायची रीत होती, आणि पोरका थॉमस वाढला तोही त्याच काउंटीत. नॅन्सी हँक्स आणि थॉमस यांचे लग्न १२ जून १८०६ रोजी जेसी हेड या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने लावले. अध्यक्षांच्या हत्येनंतर कित्येक वर्षांनी ही नोंद उजेडात आली. पुढे १९२६ मध्ये लुई वॉरेन यांनी केंटकीच्या कचेऱ्यांतले खरेदीखत, कर आणि दावे यांचे कागद एकत्र मांडून थॉमसची बाजू पुराव्यानिशी उभी केली. करयाद्यांत त्याच्या नावे जमीन आहे, घोडे आहेत. आळशी माणसाला कर कोण लावतो?

कागदाला न दिसणारी माणसे

या सगळ्या दप्तराला एक डोळा नाही, तेही सांगितले पाहिजे. हिंगमची वस्ती १६३५ ची. पण ती जमीन मूळ रहिवाशांकडून घेतल्याचे खरेदीखत आहे १६६५ चे. तीस वर्षे नांगरून झाल्यावर विकत घेतली. केंटकीवरचा हक्क १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात इरोक्वा लोकांनी सोडला. तिथे शिकार करणाऱ्या शॉनी लोकांना कोणी विचारले नाही. आजोबा ज्या झाडांवर कुऱ्हाडीने खुणा पाडत होते, ती शॉनींच्या लेखी विकलेलीच नव्हती. लाँग रनवरचा मृत्यू ‘इंडियनांचा हल्ला’ म्हणून नोंदला गेला. ज्यांचा मुलूख होता त्यांच्या बाजूचे खरेदीखत नाही, म्हणून त्यांची बाजूही नाही. कागदाच्या आधारे इतिहास लिहिणाऱ्याने, कागद कोणाला करता येत होता, हे आधी विचारावे.

थॉमसचा मुलगा १८३३ मध्ये इलिनॉयच्या सँगमन काउंटीत मोजणीदाराचा मदतनीस झाला. पुस्तक आणून स्वतः शिकला आणि साखळी घेऊन शेते मोजू लागला. बापाची शेते ज्या चुकांनी गेली, त्या चुका न करण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. पुढे अध्यक्ष म्हणून २० मे १८६२ रोजी त्याने ज्या कायद्यावर सही केली, त्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला सरकारी जमिनीतले १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागले. भागाचा चौथा हिस्सा, व्हिन्सेन्सच्या कचेरीत थॉमसने मागितला होता तेवढाच. थॉमसला तो पुरा परवडला नव्हता. आणि त्या नव्या चौकोनांखालीही आधीची माणसे होतीच.